शेवळाची जागा

निसर्गप्रेमी माणसांचा मला राग येतो. मी स्वतः त्यांच्यातलीच आहे, म्हणून जरा जास्तच येतो. रविवारी सकाळी सहाला डोक्यावर टोपी, हातात पाण्याची बाटली, खिशात चिक्की आणि तोंडाने 'अहाहा' म्हणत टेकडी चढणारी ही जमात डोंबिवलीत काही कमी नाही. दुरून डोंगर साजरे ही म्हण डोंगरानेच स्वतःच्या बचावासाठी प्रचारात आणली असावी, असं मला हल्ली वाटतं. जवळ गेलेल्या माणसांनी डोंगराचं काय केलं ते मी पाहिलं आहे. त्या माणसांच्या पुढे मीच चालत होते.

शाळेत विज्ञान शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली. निवृत्त व्हायला दोन वर्षं उरली असताना आम्ही नवरा-बायको स्टेशनजवळचं घर सोडून डोंबिवलीच्या पार टोकाला, शिळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला राहायला आलो. आमची इमारत ज्या भातशेतात उभी राहिली त्या शेताचे मालक तळमजल्यावर राहतात. आगरी कुटुंब. दोन मुलगे, दोन सुना, दारात दोन मोठ्या गाड्या आणि त्या मुलग्यांची आई. त्या माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या. मी त्यांना ताई म्हणू लागले. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर त्यांनी मला बाई केलं आणि अहोजाहो सुरू केलं. ते आजतागायत सोडलेलं नाही.

तिथल्या पहिल्याच जूनमध्ये ताईंनी शेवळांची एक जुडी वर पाठवली. शेवळ म्हणजे सुरणाच्या जातीतल्या झाडाचा कोंब. वळवाच्या एक-दोन सरी झाल्या की मृगाच्या आगेमागे जमिनीतून एकदम वर येतो, जांभळट-तपकिरी, वीतभर. पंधरा-वीस दिवस मिळतो आणि मग वर्षभर नाही. नीट केला तर त्याच्यासारखी भाजी नाही. नीट केला नाही तर घशाला अशी खाज सुटते की माणूस बोलायचा थांबतो. हे मला ठाऊक नव्हतं. मी ती जुडी मेथीसारखी चिरली आणि कांद्यावर परतली. नवरा दुसऱ्या घासाला घसा धरून गॅलरीत गेला. मी तिसऱ्या घासाला त्याच्या मागे गेले.

संध्याकाळी भाजी कशी झाली ते विचारायला ताई वर आल्या, आम्हा दोघांना कोकमाच्या पाण्याच्या गुळण्या करताना पाहिलं आणि दारातच बसून पोट धरून हसल्या.

"बाई, काकडां नाय घातली?"

काकड नावाच्या झाडाची आंबट हिरवी फळं असतात, ती ठेचून तो रस घातल्याशिवाय शेवळाची खाज मरत नाही, हे मला कुठून माहीत असणार? तसं मी म्हटलं.

"मंग शालंत पोरांना शिकवता काय?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली बोलावून सगळं दाखवलं. आधी हाताला तेल लावायचं. वरचं आवरण सोलायचं. आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकायचा, तोच खरा खाजरा. उरलेलं बारीक चिरायचं, काकडांच्या रसात शिजवायचं, मग सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोळंबी, घालायचे. त्या दिवशी मी त्यांच्या ओट्यापाशी उभी राहून तीन भाकऱ्या खाल्ल्या. आमची मैत्री तिथे जमली.

निवृत्त झाल्यावर फिरणं सुरू झालं. इमारतीपासून अर्ध्या तासावर एक बुटकी टेकडी आहे. तिचं नाव घेत नाही. जागेचं नाव घेतल्यावर काय होतं तेच तर सांगायला बसले आहे. आठवड्यातून तीन-चारदा आम्ही दोघी तिथे जायचो. थंडीत जरा उशिरा निघायचो, कारण कारखान्यांकडून येणारा उग्र वास पहाटेच्या धुक्यात अडकून राहायचा आणि ऊन पडल्याशिवाय हलायचा नाही. फाल्गुनात पळस फुलला की ताई फुलांकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत, फांद्यांचे शेंडे चाचपून पत्रावळींसाठी पानं कशी येणार आहेत त्याचा अंदाज घ्यायच्या. मे महिन्यात करवंदं. त्या एकेक करवंद बोटाने दाबून, पिकलेलं तेवढंच घ्यायच्या. मी मूठभर तोंडात कोंबायची आणि आंबटाने डोळे मिटायची. श्रावणात पायवाट गवतात बुडायची. त्या काठी आपटत पुढे आणि मी त्यांच्या लुगड्याच्या काष्ट्यावर नजर ठेवून मागे, अशा आम्ही टाकळा आणि कुर्डू खुडत जायचो. भाद्रपदात सगळा उतार तेरड्याने गुलाबी व्हायचा आणि गौरीपुरता तेरडा घेऊन आम्ही उतरायचो.

मी म्हणायची, हे अमक्या कुळातलं झाड. त्या म्हणायच्या, याचा पाला बकरी खात नाय. मला सगळ्यांची नावं माहीत होती. त्यांना सगळ्यांचे दिवस माहीत होते. इतकी वर्षं फळ्यावर फुलाची आकृती काढून भाग दाखवणाऱ्या मला, पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा, झाड जमिनीतून कुठल्या दिवशी वर येतं याची वाट पाहायला कोणीतरी शिकवत होतं. त्या काही वर्षांत मी जितकी सुखी होते तितकी आधी किंवा नंतर नव्हते. हे नवऱ्याला सांगितलं तर वाईट वाटेल, पण खरं आहे.

शेवळांची जागा मात्र त्यांनी मला दोन वर्षं दाखवली नाही. जूनमध्ये त्या एकट्याच जायच्या आणि येताना वाटेत कोणी विचारलं, "कुठून आणलीत?" की सगळ्यांना एकच उत्तर द्यायच्या, "वरनं." मलाही हेच उत्तर. तिसऱ्या वर्षी मात्र त्यांनी मला पहाटे हाक मारली. टेकडीच्या मागच्या अंगाला, दोन मोठ्या खडकांच्या आड, झाडांच्या सावलीत पालापाचोळा साचलेला होता. त्यातून पन्नासएक कोंब वर आले होते. ताईंनी पहिल्याला हात जोडले, विळ्याने जमिनीच्या वर कापलं आणि बाजूला ठेवलं. ते गावदेवीचं. उतरताना वाटेतल्या शेंदूर लावलेल्या दगडापुढे ठेवायचं, त्याच्याआधी घरात कोणी खायचं नाही. मग बाकीची. पाचातली तीन घ्यायची, दोन ठेवायची. कंद उकरायचा नाही. पाऊस वाढला की त्याच कंदातून छत्रीसारखं पान वर येतं, ते पान कंदाला वर्षभराचं पोसतं, म्हणून पानालाही हात लावायचा नाही.

"ही जागा मना आमचे सासूनं दावली," त्या म्हणाल्या. "लगीन झाल्यावर सात वर्सांनी. तवर ती पन मना वरनंच सांगायची."

"मग तुमच्या सुनांना?"

"त्यांना चिखल नको. एक बोल्ली, ऑनलाईन मिलतात." त्यांनी विळा पुसला. "तुमी ठेवा. कोनाला बोलू नका तेवढं."

सासूने सुनेला द्यायची वस्तू त्या मला देत होत्या. हे मला तिथेच, त्या क्षणी कळलं होतं. मला कळलंच नाही हो, असं आता म्हणायची सोय नाही.

आता त्या ग्रुपबद्दल. डोंबिवलीपासून ठाण्यापर्यंतच्या निवृत्त आणि निवृत्तीच्या वाटेवरच्या निसर्गप्रेमींचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. मी त्यात आपसूकच गुरुस्थानी गेले. कोणी गवताचा फोटो टाकला की खाली 'मॅडम, हे काय?' आणि मॅडम सांगणार. अंगठे, फुलं, हात जोडलेले. शाळेत पोरं माझ्या तासाला पेंगायची. इथे बँकेचे मॅनेजर आणि घोडबंदर रोडच्या बेचाळिसाव्या मजल्यावरचे आयटीवाले मला 'आपला चालता-बोलता ज्ञानकोश' म्हणत. उतारवयात एवढं कौतुक झालं की कुणाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. माझ्या तर मुळातच तोंडात तीळ भिजत नाही.

एका जूनमध्ये मी शेवळांचा फोटो टाकला. कौतुक झालं. मग एका सद्गृहस्थांनी लिहिलं, 'मॅडम, ही मार्केटमधली असणार. आपल्या डोंबिवलीत आता कुठे उगवतात?' खाली हसरे चेहरे. एवढंच. एवढ्याने माझं पित्त खवळलं. मी लिहिलं, उगवतात, आणि बघायची असतील तर दाखवते.

त्याच आठवड्यात ताईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. वाकायचं नाही, धूळ नको, असं डॉक्टरांनी बजावलेलं. काळा चष्मा लावून त्या पलंगावर बसून होत्या. त्यांनी मला विळा दिला आणि म्हणाल्या, "या सालाला तुमी जावा. देवीचं ठेवा." शनिवारी संध्याकाळी त्यांनी मला हे सांगितलं. रविवारच्या फेरीचं मी शुक्रवारीच ठरवून बसले होते. मी विळा घेतला आणि घरी आले.

रविवारी सकाळी पायथ्याशी पाहते तर चाळीसच्या वर माणसं. जागेचं लोकेशन मी आदल्या रात्रीच पाठवलं होतं, कारण कळव्याहून आणि ठाण्याहून येणारे विचारत होते की गाडी कुठवर जाते. ग्रुपबाहेरचे भाऊ, मेव्हणे, सोसायटीतले शेजारी. कुणी माझ्या हातात एक छोटा भोंगा दिला. खडकांपाशी पोचल्यावर मी त्यातून बोलू लागले. कूळ सांगितलं, जीवनचक्र सांगितलं, फक्त वरून कापा, पाचातली तीनच घ्या, कंदाला हात लावू नका, हेही सांगितलं. परागीभवनाची माहिती देत होते तेव्हा माझ्यामागे लोक वाकलेले होते. एक बाई कंद उकरत होत्या. म्हणाल्या, "मॅडम, बाल्कनीत लावते ना. संवर्धनच आहे." मग दुसरीने उकरला. मग तिच्या नवऱ्याने सॅकमधून स्क्रू-ड्रायव्हर काढला. "अहो, नका," मी म्हटलं. भोंग्यातून नाही म्हटलं. भोंगा मी खाली धरला होता. चाळीस माणसांसमोर ओरडले असते तर त्यांचं माझ्याबद्दलचं मत बदललं असतं, हा विचार माझ्या मनात आला होता हे मला स्पष्ट आठवतं.

शेवटी सगळ्यांनी फोटो काढला. मध्ये मी, हातात ताईंचा विळा. देवीचं ठेवायला एकही चांगलं शेवळ उरलं नव्हतं. एका तरुणाकडून मागून घेतलं आणि दगडापुढे ठेवलं. त्याने विचारलं, "हे काय, रिच्युअल आहे का?" आणि त्याचाही व्हिडिओ काढला.

संध्याकाळी मी ताईंकडे जुडी घेऊन गेले. "एकटीच गेलेलात?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. साठीच्या शिक्षिकेने पलंगावर काळा चष्मा लावून बसलेल्या बाईला खोटं सांगितलं. त्यांनी जुडी हातात घेऊन चाचपली. काही देठ बुडातून उपटलेले होते, खाली मातीचा गोळा होता. बोटांना ते कळलं असणारच.

दोन दिवसांनी मी खाली गेले तर धाकटा मुलगा मोबाइल घेऊन त्यांच्या शेजारी बसला होता. "अरे आई, बघ ना, बाईंनी आपली टेकडी फेमस केली यार. सॉल्लिड व्ह्यूज आलेत." त्याचा हेतू वाईट नव्हता, उलट त्याला अभिमान वाटत होता. ताईंनी चष्मा थोडा वर केला आणि व्हिडिओ पूर्ण पाहिला. त्यात माझा भोंग्यातला आवाज होता, जागेकडे जायचा रस्ता पायथ्यापासून होता, आणि शेवटी देवीपुढे शेवळ ठेवणारा माझा हात होता. पाहून झाल्यावर त्यांनी चष्मा खाली केला आणि मला म्हणाल्या, "बसा. च्या टाकतंय." मी चहा प्यायले. एखादी शिवी घातली असती तर त्या चहापेक्षा सोपी गेली असती.

पुढच्या रविवारी माझ्याशिवाय दुसरेच लोक टेकडीवर गेले. त्यांच्याकडे गोणी होती. ग्रुपवर मात्र वेगळीच धामधूम. तिघांचे घसे सुजले, कारण काकडं मिळाली नाहीत म्हणून त्यांनी टोमॅटो घातला. एका गृहस्थांनी मलाच सुनावलं की मॅडमनी आरोग्यविषयक सूचना लेखी द्यायला हवी होती. बाल्कनीतले कंद श्रावणाच्या आत कुजले. हेही लोकांनी फोटोसकट कळवलं, वर रडके चेहरे लावून. आणि त्यांनीच दिवाळीला विचारलं, पुढच्या वर्षी फेरी कधी?

श्रावणात मी एकटी वर गेले होते. पान येण्याचे दिवस होते. खडकांआड जागोजाग खड्डे होते आणि त्यात पाणी साचलेलं. एका कोपऱ्यात दोन पानं आलेली दिसली, हाताएवढीच, बाकी काही नाही. ज्ञान सगळ्यांना द्यावं, लपवून ठेवणं हा मागासलेपणा, हे मी पोरांना शिकवत आले होते आणि माझा त्यावर विश्वास होता. ताईंची सासू सात वर्षं गप्प का राहिली, हे मला त्या खड्ड्यांजवळ कळलं. सात वर्षं ती सुनेची जीभ तपासत होती. ताईंनी मला दोनच वर्षांत पास केलं, तिथे त्या चुकल्या.

फिरणं हळूहळू बंद पडलं. भांडण नाही, अबोला नाही. मी हाक मारली की त्या म्हणत, "गुडघं दुखतान." संध्याकाळी मात्र त्या रस्त्यापर्यंत चालत जाताना मला गॅलरीतून दिसायच्या, गुडघे चांगले होते. पळस येऊन गेला. करवंदं येऊन गेली. मी ग्रुपमधून बाहेर पडले, तेव्हा तिथल्या लोकांनी मला 'पुन्हा या मॅडम' म्हणून फुलांचा गुच्छ पाठवला.

जून आला. एका सकाळी दाराची बेल वाजली. ताई होत्या, नेसून, हातात कापडी पिशवी.

"बाई, मार्केटात शेवलां कुठं मिलतात, ती जागा दावा मना. आमच्यात कोनी कधी इकत आनली नाय. माझा भाऊ येतंय जेवायला."

मी चप्पल घातली. रिक्षाने आम्ही दोघी स्टेशनला गेलो. स्टेशनच्या पूर्वेला, पुलाच्या जिन्याखाली कल्याणपलीकडच्या पाड्यांवरून येणाऱ्या आदिवासी बायका बसतात. एकीपुढे शेवळांच्या जुड्या होत्या आणि शेजारी काकडांचे वाटे. ताई तिच्यापुढे उकिडव्या बसल्या. एक जुडी उचलली, देठांची टोकं पाहिली. स्वच्छ, वरून कापलेली होती. त्यांनी ती बराच वेळ हातात ठेवली. विकणारी पंचविशीची असेल. तिला वाटलं, आजीबाई नवख्या आहेत.

"करायला येतंय ना आजी? खाजतात हां, तशीच नका करू."

"नाय येत," ताई म्हणाल्या. "सांग."

"आधी हाताला तेल लावायचं..." ती पोरगी सांगू लागली.

मला राहवलं नाही. "अगं बाई, यांना काय सांगतेस, यांनी तर..."

ताईंनी माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं. जोरात धरलं.

"तुमी नका बोलू, बाई," त्या म्हणाल्या. "तिला सांगू दे."

पोरगी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली. ताई मान हलवत सगळं ऐकत राहिल्या, आणि मी त्यांची पिशवी धरून उभी राहिले.